नऊ सायकली, चौदा दिवसांची रजा

वाचकाचं पत्र:

आम्ही नाशिकचे नऊ जण. दर रविवारी पहाटे सायकली काढतो. वयं २४ ते ६१. येत्या सप्टेंबरात मनाली ते लेह आणि वर खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) असा बेत ठरतोय. रजा चौदा दिवसांची, त्यातले चार जाण्यायेण्याचे. ग्रुपमधल्या सर्वात जोरकस मुलाने वेळापत्रक केलंय: सात दिवसांत लेह, जिस्पाहून एका दिवसात सरचू, आठव्या दिवशी खारदुंग ला. मी ४९ वर्षांची, कायम सर्वात मागे असते. यजमान ५४ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. पाच वर्षांपूर्वी विमानाने लेहला गेलो होतो तेव्हा दोन दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं. हे त्यांनी ग्रुपला सांगितलेलं नाही. मी शंका काढली की ‘उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी घेऊ, काही होत नाही’ असं उत्तर मिळतं. सपोर्ट गाडी घ्यायची की नाही यावरून दोन तट पडलेत. सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालायचं नाही, पण मनात धाकधूक आहे. गप्प बसू की बोलू?
– सर्वात मागची, नाशिक

प्रिय ताई,

बोला, आणि लवकर बोला. तिकिटं निघाल्यावर बोलणाऱ्याला मोडता घालणारी म्हणतात. आज बोललात तर तो बेत आखण्याचाच भाग धरला जाईल.

तुमचं वेळापत्रक मी कागदावर मांडून पाहिलं. किलोमीटरच्या हिशेबाने ते जमतं. रोहतांग खिंडीवरून मनाली ते लेह साधारण ४७५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला सत्तरच्या आसपास. रविवारची सवय असलेला माणूस तेवढं ओढून नेईल. गडबड रात्रींची आहे. कोणत्या दिवशी किती चाललो यापेक्षा कोणत्या रात्री किती उंचीवर झोपलो, यावर डोंगरातली तब्येत ठरते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम आहे त्याच उंचीवर करावा, असा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर, सरचू ४,२९० मीटरवर. तुमच्या वेळापत्रकात एका रात्रीत जवळजवळ अकराशे मीटरची उडी आहे. नाशिक स्वतः जेमतेम ६०० मीटरवर आहे, हेही ध्यानात घ्या.

त्यात सरचू ही जागा फार वेगळी आहे. उंचीचा त्रास झाला की खाली उतरा, हा पहिला आणि सर्वात खात्रीचा उपाय. पण सरचूहून खाली उतरायलाच आधी वर चढावं लागतं. मागे जायचं तर ४,८९० मीटरचा बारालाचा ला ओलांडायचा, पुढे जायचं तर नकी ला आणि पाच हजारांवरचा लाचुंग ला. नकाशावर ही गोष्ट डोळ्यांत भरत नाही, कारण नकाशात सरचू एका सुंदर सपाट दरीत दिसतं.

मी ते एकदा जवळून पाहिलंय, म्हणून इतकं जीव तोडून लिहितेय. आम्ही सहा जण होतो आणि रजा वाचवायला आम्हीही जिस्पा ते सरचू एका दिवसात केलं होतं. तो निर्णय आमचा सगळ्यांचा होता, माझाही. आमच्यातला सर्वात दमदार गडी सर्वांच्या आधी दीड तास सरचूला पोचला. आम्ही पोचलो तेव्हा तो तंबूबाहेर बसून बुटाच्या नाड्या सोडवत होता. अर्ध्या तासाने पाहिलं तर तीच नाडी त्याच्या बोटांत. समोरच्या सुपावर साय धरली होती. ‘बरा आहेस ना?’ असं तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ‘ठीक आहे’. मग त्याला उभं केलं आणि टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो कलला आणि तंबूच्या दोरीवर जाऊन पडला. मेंदूला सूज येऊ लागल्याची ही खूण असते. तेव्हाच खाली न्यायला हवं होतं, पण ड्रायव्हर म्हणाला, रात्री बारालाचावर रस्त्यावरचं पाणी गोठतं, गाडी घसरेल. एका ऑक्सिजन सिलिंडरवर रात्र काढली. पहाटे चारला निघालो. खाली नेण्यासाठी त्याला आधी सहाशे मीटर वर चढवत होतो आणि मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसले होते. दारचा मागे पडल्यावर तो नीट बोलू लागला, केलाँगच्या सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत स्वतःहून चहा मागत होता. तो पूर्ण बरा झाला. पण त्याच्या जागी आणखी थोडा त्रास असलेला कोणी असता तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही.

लक्षात घ्या, तो आमच्यातला सर्वात दमदार होता. दम आणि उंची सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, पूर्ण केली, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण तसा दमसास असलेल्या माणसालाही ४,००० मीटरवर शरीराला वेळ द्यावाच लागतो. उलट धट्टाकट्टा तरुण भराभर वर जातो आणि जास्त सापडतो. तुमच्या ग्रुपमध्ये मला सर्वात काळजी वेळापत्रक करणाऱ्या त्या जोरकस मुलाचीच वाटते.

मग नीट वेळापत्रक कसं असेल? मनालीत दोन रात्री आणि त्यात एकदा कोठी-गुलाबापर्यंत चढून परत खाली झोपायला येणं. मग मढी. ही उडी मोठीच आहे, पण पुढच्याच दिवशी रोहतांगचे ३,९७८ मीटर ओलांडून आपण सिस्सूला ३,१०० मीटरच्या आसपास उतरतो, म्हणून बहुतेकांना ती झेपते. सिस्सूहून तांदीला चंद्रा आणि भागा यांचा संगम पाहत, केलाँगवरून जिस्पा. जिस्पाला दोन रात्री. मग पटसेऊ, मग झिंगझिंग बार, आणि त्यानंतरच बारालाचा ओलांडून सरचू. झिंगझिंग बार आणि सरचू जवळपास एकाच उंचीवर आहेत, त्यामुळे सरचूला पोचता तेव्हा शरीर त्या उंचीवर एक रात्र काढून आलेलं असतं. पटसेऊचा दिवस वीस-पंचवीस किलोमीटरचाच निघतो आणि नेमका तोच दिवस घाईची माणसं गाळतात. पुढे गाटा लूप्सच्या पायथ्याशी एक मुक्काम, सकाळी ताज्या पायांनी ती एकवीस वळणं, लाचुंग ला, पांग. मग मोरेचं मैदान, डेब्रिंग, तांगलांग ला आणि रुमत्से. लेहला पोचायला मनाली सोडल्यापासून बारावा दिवस उजाडतो. लेहला विसावा, खारदुंग ला आणि रस्ता बंद पडला तर हाताशी दोन दिवस धरले की नाशिक ते नाशिक वीस-एकवीस दिवस होतात.

तुमच्याकडे चौदा आहेत. ताई, चौदा दिवसांत लेह बसत नाही. कितीही दाबलं तरी ते दोन रात्रींच्या पोटातूनच दिवस काढतं, आणि त्या रात्री जिस्पा ते सरचूच्याच असतात. तेव्हा यंदा लेह सोडा आणि लाहौल, म्हणजे रोहतांगपलीकडचं खोरं, करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मनालीत दोन दिवस, तिसऱ्या दिवशी मढी, चौथ्या दिवशी रोहतांग ओलांडून सिस्सू, पाचव्या दिवशी जिस्पा, सहावा दिवस दारचापर्यंत फिरून येण्याचा. सातव्या दिवशी पटसेऊला तंबू. आठव्या दिवशी पहाटे निघून बारालाचा गाठायचा आणि आल्या वाटेने थेट जिस्पाला उतरून झोपायचं. नवव्या दिवशी सिस्सूपर्यंत सायकल, तिथून सायकली गाडीवर टाकून रोहतांगखालच्या अटल बोगद्यातून मनाली. दहावा दिवस हाताशी. यात दोन मोठ्या खिंडी होतात, त्यातली एक पाच हजारांच्या उंबरठ्यावरची. आणि सर्वात उंच मुक्काम ३,८०० मीटरच्या आसपास, जिथून कधीही सरळ खाली उतरता येतं. यात कमीपणा कसला? बारालाचाच्या खाली सूरजताल आहे. ऊन चढायच्या आत तिथे पोचलात तर पाण्यात डोंगर उलटे दिसतात, आणि तेव्हा लेह किती लांब राहिलं याची आठवण कुणाला होत नाही.

खारदुंग लाच्या पाटीचं तरुणांना फार आकर्षण असतं, म्हणून तेही सांगते. पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असलं तरी त्या खिंडीची मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट आहे. मोटारीचा सर्वात उंच रस्ता हा मानही आता लडाखमधल्याच दुसऱ्या खिंडीकडे गेलाय. पण ५,३५९ मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. ती खिंड वीस दिवसांच्या रजेने करा, तिला तेवढा मान द्या.

आता यजमानांबद्दल. बीपी ताब्यात असलेली कितीतरी माणसं या रस्त्याने जाऊन येतात, तेवढ्यावरून कुणाला घरी बसवायचं कारण नाही. पण उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढतो, आणि आधी एकदा उंचीचा त्रास झालेल्याला तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून लेहची ती डोकेदुखी लपवण्यासारखी गोष्ट नाही. ती त्यांनी स्वतः ग्रुपला सांगावी. तुम्ही चारचौघांत काढलीत तर त्यांना ते लागेल. घरी, निवांत वेळ पाहून, ‘तुम्ही सांगितलंत तर मला रात्री झोप लागेल’ इतकंच म्हणा.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. ते शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करतं. प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण त्याने लघवी वाढते. बीपीची गोळी त्याच जातीची असेल किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही. डॉक्टर हो म्हणाले तर एक-दोन दिवस नाशिकमध्येच घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. हे आधी माहीत असलं की तिकडे घाबरायला होत नाही. आणि गोळी घेतली म्हणून अकराशे मीटरची उडी माफ होत नाही, हे त्या मुलाला शांतपणे समजावा. पहिल्या रात्रींत दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

निघण्याआधी एक कागद करा आणि त्यावर नऊ जणांच्या सह्या घ्या. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा न ओळखीचा थकवा यातलं काहीही आहे, तर त्या रात्री तो माणूस वर जाणार नाही. तोल जातोय, बोलणं तुटतंय, बसल्या जागी धाप लागतेय किंवा खोकला थांबत नाहीये, तर तो ताबडतोब खाली जाईल, एकटा नाही, सोबत घेऊन. आणि हा निर्णय त्या माणसाचा नसेल, आधी ठरवलेल्या दोघांचा असेल. दुखऱ्या डोक्याला स्वतःची पारख राहत नाही, आमच्या मित्राने तीनदा ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. खाली नेणाऱ्या गाडीचं भाडं नऊ जणांत वाटलं जाईल, हेही त्याच कागदावर लिहा. पैशाच्या संकोचाने माणसं त्रास लपवतात. त्या दोघांपैकी एक तुम्ही व्हा. तुम्ही सर्वात मागे असता, म्हणून जो कोणी गळतो तो आधी तुम्हालाच दिसतो. पुढच्यांना तो जेवणाच्या वेळी दिसतो.

गाडी घ्यायचीच. यावर दोन मतं असण्याचं कारण नाही. जिस्पाच्या पुढे फोन बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि पुढे कधी लेहला गेलात तर लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिमही चालत नाही, पोस्टपेड लागतं. गाडी त्याच भागातल्या ड्रायव्हरची असावी, ती नेहमी शेवटच्या सायकलच्या मागे असावी, आणि तिच्यात दोन जागा सामानाने कधीही भरू नयेत. दोन ऑक्सिजन सिलिंडर, नाशिकहूनच तपासून घेतलेला रेग्युलेटर. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या, पण गारठलेल्या बोटावर तो भलतेच आकडे दाखवतो, तेव्हा आकड्याआधी माणसाचा चेहरा पाहा. गाडीला रोहतांगसाठी परवाना लागतो, तो आधी काढा. परवाना नसला की ड्रायव्हर बोगद्यातून पलीकडे जाऊन थांबतो आणि मढी ते कोकसर हा सर्वात गारठ्याचा टप्पा तुम्ही एकटे पडता.

सरावासाठी तुम्हाला लांब जायला नको. नांदुरीहून सप्तशृंगी गड हा दहा-अकरा किलोमीटरचा घाट करा, रविवारी दोनदा आणि शक्य तर लगेच सोमवारी पुन्हा. पण हिमालयातली चढण उभी कमी आणि लांब जास्त असते. मनाली ते रोहतांग ५१ किलोमीटरमध्ये सुमारे १,९०० मीटर, सरासरी चार टक्क्यांच्या आत. न संपणाऱ्या चढाची सवय व्हायला आपल्याकडे पोलादपूर ते महाबळेश्वर, म्हणजे आंबेनळी, हा चाळीसेक किलोमीटरचा घाट उत्तम. निघण्याआधी एकदा नऊच्या नऊ जणांनी तो करा आणि त्या दिवशी पुढच्यांनी मागच्यांसाठी किती वेळा थांबायचं ते ठरवून टाका. वेगाचा नियम सोपा आहे: चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मनालीच्या वर हाच वेग सर्वांचा.

सायकली महागड्या नकोत, गिअर हलके हवेत. पुढे ३४ दात आणि मागे निदान ३४, म्हणजे थकल्यावरही पाय फिरत राहतात. टायर ३२ मिलिमीटरच्या खाली नको, कारण डांबर चांगलं झालं असलं तरी दरड कोसळलेल्या आणि नाल्यांच्या जागी दगडगोटेच असतात. शक्यतो डिस्क ब्रेक. ब्रेक पॅडच्या दोन जादा जोड्या, आणि प्रत्येक सायकलच्या मापाचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा तुकडा. हा आपल्या तळहाताएवढाही नसलेला तुकडा वाकला तर सायकल गाडीवर चढते, आणि मनालीत तो तुमच्याच मापाचा मिळेल असं नाही. उतारावर थंडी चढापेक्षा जास्त लागते. माथ्यावर फोटो काढण्याआधी जाकीट आणि जाड हातमोजे घाला. बोटं गारठली की ब्रेक दाबल्याचं कळत नाही.

सप्टेंबर निवडलात ते बरोबर केलंत. जूनमध्ये बर्फ वितळून दुपारी नाले फुगतात, जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी. सप्टेंबर कोरडा असतो, पण २०१८ मध्ये त्याच महिन्याच्या चौथ्या आठवड्यात लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडून शेकडो माणसं अडकली होती. तेव्हा पहिला पंधरवडा धरा आणि तो दहावा दिवस कुणालाही खर्च करू देऊ नका.

खाण्याचं मी बायकांना वेगळं सांगत नाही, फक्त इतकंच: वर भूक मरते, ठरवून खावं लागतं. डिंकाचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की जर्सीच्या खिशात ठेवा आणि घड्याळ लावून दर तासाला खा. पण एक गोष्ट बायकांसाठी आहे आणि ग्रुपच्या बैठकीत कुणी काढत नाही. जिस्पाच्या पुढे आडोसा नाही. झाड नाही, झुडूप नाही. लघवीला जायला नको म्हणून बायका पाणी कमी पितात आणि मग डोकं धरतं, ते उंचीचं की तहानेचं तेच कळत नाही. गाडीत एक मोठी छत्री आणि एक जुनी साडी ठेवा, बरोबर दुसरी बाई असेल तर आडोसा धरायचं आधी बोलून घ्या, आणि तुम्ही म्हणाल तिथे गाडी थांबेल हे ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा. या वयात पाळी कधीही येऊ शकते, थंडीत आणि उंचीवर तर बेभरवशाची होते. पॅडचं पाकीट आणि कचऱ्याची बंद पिशवी सामानाच्या तळाशी टाकू नका, हाताला लागेल अशी ठेवा.

बैठक कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. यजमानांची डॉक्टरांची वेळ तिच्या आधीची घ्या, आणि बैठकीला जाताना मुक्कामांच्या उंचीचा कागद नऊ प्रतींत काढून न्या. त्या मुलाच्या हातात पहिला द्या आणि जिस्पा ते सरचू हा आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.